ग्रेफ्रायर्सचें कबरस्थान आणि सर जॉर्ज मॅकेंझी

आपल्या खेडेगांवच्या मंडळ्यांतून कबरस्थानाची भीति अजून पुरती गेलेली नाहीं. दिवसा ज्या वाटेनें गुरें चरावयास जातात, त्याच वाटेनें दिवे लागल्यावर जाण्यास चांगले धीट गडीहि कां-कूं करितात. कोणी म्हणतो अमक्याच्या कबरेवर उजेड दिसला. कोणी म्हणतो पाठीमागून नांव घेऊन हांक आली. रात्रीच्या प्रार्थनेहून परतणारीं मुलें कुंपणापाशीं आलीं म्हणजे एकमेकांचे हात धरून पळत सुटतात. ही भीति केवळ आपल्याच अज्ञानाची खूण आहे असें समजून कित्येकांस लाज वाटते. परंतु ज्या स्कॉटलंड देशांतून १८२३ सालीं पहिले स्कॉटिश मिशनरी कोंकणांत बाणकोटास आले, व जेथून १८२९ सालीं डॉ. जॉन विल्सन मुंबईस आले, त्या सुशिक्षित देशाच्या राजधानींतहि एक असें कबरस्थान आहे कीं, तेथल्या भुताच्या गोष्टी ऐकण्यास दूरदूरचे लोक आजहि पैसे देऊन रात्रीं जातात. त्या भुतास लोकांनीं नांव दिलें आहे, आणि तें नांव एका खऱ्या मनुष्याचें आहे. तो मनुष्य कोण, त्यानें काय केलें, आणि लोकांनीं त्याचें भूत कां केलें, हें येथें सांगावयाचें आहे.

त्या राजधानीचें नांव एडिंबरो. शहराच्या मधोमध खडकावर जुना किल्ला आहे. त्याच्या पायथ्याशीं ग्रासमार्केट नांवाचा बाजार भरत असे, आणि त्याच बाजारांत गुन्हेगारांस फांशी देत असत. बाजाराच्या वरच्या अंगास चढावर पूर्वीं फ्रान्सिस्कन संन्याशांचा मठ होता. हे संन्यासी करड्या रंगाचे झगे घालीत, म्हणून त्या जागेस ग्रेफ्रायर्स, म्हणजे करड्या संन्याशांची जागा, असें नांव पडलें. धर्मसुधारणा होऊन मठ मोडला. शहरांतील सेंट जाइल्स देवळाभोंवतालची दफनभूमि तेव्हां भरून गेली होती, म्हणून १५६२ सालीं मेरी राणीनें मठाची ही बाग नगरवासीयांस मृतांकरितां दिली. पुढें तेथें देऊळ बांधिलें. तें १६२० सालीं उपासनेस खुलें झालें. कबरांवर मोठमोठे दगडी मंडप, त्यांवर कोरलेल्या कवट्या आणि वाळूचीं घड्याळें, आणि भोंवतीं दाटीनें उभ्या राहिलेल्या उंच घरांच्या भिंती, असें त्या जागेचें रूप आहे.

ह्याच देवळांत २८ फेब्रुवारी १६३८ रोजीं स्कॉटलंडच्या इतिहासांतील एक मोठी गोष्ट घडली. राजा पहिला चार्लस ह्यानें आदल्या वर्षीं तेथील मंडळीवर एक नवें प्रार्थनापुस्तक हुकुमानें लादिलें होतें. मंडळीचा कारभार वडिलांच्या सभेनें चालावा, राजानें नेमलेल्या बिशपांनीं नव्हे, असें मानणाऱ्या लोकांस तें सहन झालें नाहीं. त्यांनीं एक करार लिहिला. तो लिहिण्यांत अलेक्झांडर हेंडरसन ह्या पाळकांचा मोठा हात होता. उमराव व जमीनदार ह्यांनीं त्या दिवशीं देवळांत सह्या केल्या. मागाहून पाळकांनीं व शहरच्या सामान्य लोकांनीं केल्या. आणि प्रती गांवोगांव गेल्या. लोकांनीं कबरेच्या शिळांवर कागद पसरून रक्तानें सह्या केल्या अशी दंतकथा पुढें पसरली. ती चित्रांत फार शोभते, पण पहिल्या सह्या देवळांतच झाल्या. ह्या कराराला धरून राहणाऱ्या लोकांस आपण करारवाले म्हणूं.

करार होण्याच्या थोडें आधीं, १६३६ च्या सुमारास, डंडी शहरीं जॉर्ज मॅकेंझीचा जन्म झाला. त्याचें कुळ उत्तरेकडील डोंगराळ मुलुखांतील मोठें घराणें होतें. सीफोर्थचे सरदार त्याचे जवळचे आप्त. मुलगा फार हुशार. सेंट अँड्रूज व ॲबर्डीन येथें शिकून तो फ्रान्स देशांत बूर्ज येथें रोमन कायदा शिकावयास गेला, आणि १६५९ सालीं एडिंबरोस वकील झाला. कायद्यापुरतीच त्याची बुद्धि नव्हती. १६६० सालीं त्यानें एक कादंबरी छापिली. स्कॉटलंडांत लिहिल्या गेलेल्या अगदीं पहिल्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. पुढें धर्म, नीति व एकांतवास ह्यांवर त्यानें निबंध लिहिले. धर्माच्या नांवाखालीं होणारीं भांडणें त्यास आवडत नसत, आणि मनुष्यानें शांत विवेकानें वागावें असें तो त्या वयांत लिहीत असे. वाचकांनीं हें ध्यानांत ठेवावें, कारण पुढील हकीगतीचा मर्म ह्यांतच आहे.

त्याच सुमारास राज्य पालटलें. दुसरा चार्लस १६६० सालीं गादीवर आला. ह्या राजानें विपत्काळीं स्वतः त्या करारास मान्यता दिली होती. पण सत्ता हातीं येतांच त्यानें तो झुगारून बिशप पुन्हां नेमिले. आर्गाइलचा मार्क्विस हा करारवाल्यांतील सर्वांत मोठा उमराव. त्याजवर राजद्रोहाचा खटला झाला, आणि त्याच्या बचावास जे वकील उभे राहिले त्यांत पंचवीस वर्षांच्या आंतबाहेरचा जॉर्ज मॅकेंझी होता. राजाचा रोष ओढवण्याचें भय असतां तो धीटपणें बोलला व त्याचें नांव झालें. आर्गाइल मात्र वांचला नाहीं. २७ मे १६६१ रोजीं त्याचा शिरच्छेद झाला.

त्याच वर्षीं मॅकेंझीस फौजदारी न्यायाधीशाच्या मदतनिसाचें काम मिळालें, आणि चेटकिणींचे खटले त्याजपुढें आले. तो काळ त्या देशांत चेटकिणींच्या भयाचा होता. गाय आटली, मूल दगावलें, होडी बुडाली, कीं शेजारची एखादी म्हातारी, एकटी, गरीब, तोंडाची फटकळ बाई, तिजवर बोट ठेवण्यांत येई. तिला दिवसेंदिवस झोंप लागूं देत नसत, अंगांत सुया टोंचीत, आणि शेवटीं ती सैतानाशीं संगत केल्याचें कबूल करी. तुरुंगांतील एका दीन बाईनें मॅकेंझीस एकांतांत आपलें खरें दुःख सांगितलें. ती म्हणाली कीं आपण अपराधी नाहीं. परंतु चेटकीण असें एकदां नांव पडल्यावर सुटून गेलें तरी कोणी घांसभर अन्न देणार नाहीं, कोणी निवारा देणार नाहीं, लोक मारतील, कुत्रीं अंगावर घालतील. त्यापेक्षां मरून गेलेलें बरें म्हणून आपण कबुली दिली. असें सांगून ती ढळढळां रडली.

मॅकेंझी हें विसरला नाहीं. १६७८ सालीं त्यानें स्कॉटलंडच्या फौजदारी कायद्यावर जो पहिला मोठा ग्रंथ छापिला, त्यांत ही हकीगत घातली. चेटूक मुळींच नसतें असें तो म्हणाला नाहीं. पण बहुतेक आरोपी अज्ञानी, गरीब व भ्यालेल्या असतात, छळानें काढलेली कबुली कबुली नव्हे, आणि इतक्या भयंकर आरोपास अत्यंत स्पष्ट पुरावा पाहिजे, असें त्यानें लिहिलें. असें लिहिणारे तेव्हां थोडे होते. त्या म्हातारीच्या अश्रूंपासून जें त्यास कळलें तें कायद्याच्या पुस्तकांत उतरविण्याइतकें त्याचें अंतःकरण जागें होतें.

परंतु हा ग्रंथ छापून येण्याच्या आदल्याच वर्षीं, १६७७ सालीं, तो लॉर्ड ॲडव्होकेट, म्हणजे राजाचा मुख्य सरकारी वकील, झाला होता. राजाच्या प्रिव्ही कौन्सिलांतहि त्यास जागा होती. येथून त्याच्या आयुष्याचें दुसरें पान उलटतें.

बिशप मान्य नसलेल्या अडीचशेंहून अधिक पाळकांस आपल्या मंडळ्या सोडाव्या लागल्या होत्या. त्यांचे लोक डोंगरांत व माळावर जमून उपासना करूं लागले. टेंकडीवर एक पोरगा पहाऱ्यास बसवीत, आणि घोडेस्वार दिसले कीं सभा पांगे. १६७० सालीं कायदा झाला कीं, माळावरील अशा सभेंत उपदेश करणाऱ्यास देहांत शिक्षा व्हावी. दंड, जप्ती, कैद ह्यांनीं लोक चिडले. करारवाल्यांकडूनहि हिंसा घडली, हें लपवूं नये. ३ मे १६७९ रोजीं त्यांतील कांहींनीं आर्चबिशप शार्प ह्यांस गाडींतून ओढून मुलीच्या डोळ्यांदेखत ठार मारिलें. त्यानंतर उघड बंड झालें, आणि २२ जून रोजीं बॉथवेल पुलाच्या लढाईंत राजाच्या सैन्यानें तें मोडलें.

त्या लढाईंतील सुमारें बाराशें कैदी एडिंबरोस चालवीत आणिले. इतके लोक मावतील असा तुरुंग शहरांत नव्हता, म्हणून ग्रेफ्रायर्सच्या कबरस्थानालगतच्या एका आवारांत त्यांस कोंडिलें. चाळीस वर्षांपूर्वीं ज्या देवळांत करारावर सह्या झाल्या, त्याच्याच सावलींत तो करार मानणारे शेतकरी व विणकर उघड्यावर बसले. डोक्यावर छप्पर नाहीं, निजावयास जमीन, खावयास थोडी भाकर व पाणी. पुन्हां शस्त्र धरणार नाहीं अशा मुचलक्यावर सही करील त्यास सोडीत. पुष्कळांनीं सही केली व ते घरीं गेले. ह्यांस आपण दोष देऊं नये. घरीं पेरणी, कापणी व लेंकरें होतीं. कांहीं मेले, कांहीं पळाले, आणि कांहींनीं सही नाकारली. नोव्हेंबरची थंडी पडली तेव्हां उरलेल्या २५७ जणांस गुलामासारखें अमेरिकेकडील वसाहतींत धाडण्यासाठीं जहाजावर चढविलें. १० डिसेंबर रोजीं ऑर्कनी बेटांच्या किनाऱ्यावर वादळांत तें जहाज फुटलें. कैदी तळघरांत कोंडलेले होते. सुमारें दोनशें बुडाले; पन्नासाच्या आसपास वांचले.

एवढ्या सर्वांचें पाप एकट्या मॅकेंझीच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. कैद्यांविषयींचे हुकूम कौन्सिलाचे होते, आणि कौन्सिलांत उमराव होते, सेनापति होते, बिशपहि होते. परंतु न्यायसभेंत उभा राहून मनुष्यांचे प्राण मागण्याचें काम त्याचें होतें, आणि तें त्यानें कसूर न ठेवतां केलें. १६७८ च्या जानेवारींत जेम्स मिचेल ह्या मनुष्याचा खटला झाला. दहा वर्षांपूर्वीं त्यानें आर्चबिशप शार्प ह्यांजवर गोळी झाडिली होती, हें खरें. पण प्राण वांचतील असें कौन्सिलानें वचन दिल्यावर त्यानें गुन्हा कबूल केला होता, आणि तें वचन कौन्सिलाच्या वहींत लिहिलेलें होतें. मोठमोठ्या लोकांनीं शपथेवर सांगितलें कीं असें वचन दिलेंच नाहीं. वही पाहावी अशी आरोपीच्या वकिलांनीं विनंति केली, ती नाकारण्यांत आली. सरकारतर्फे मॅकेंझीच खटला चालवीत होता. मिचेलला ग्रासमार्केटांत फांशी दिली.

१६८१ च्या जानेवारींत इसाबेल ॲलिसन व मॅरियन हार्वी ह्या दोघी तरुण स्त्रियांस त्याच जागीं फांशी झाली. मॅरियन ही मोलकरीण होती. वय विसाच्या सुमाराचें. त्यांनीं कोणाचा जीव घेतला नव्हता. बंडखोर पाळकांचे उपदेश ऐकले व राजाविरुद्धच्या जाहीरनाम्यांस आपण मान्यता देतों असें न्यायसभेपुढें कबूल केलें, एवढाच त्यांचा गुन्हा. त्याच वर्षीं जुलैंत डोनल्ड कारगिल ह्या वृद्ध पाळकांस फांशी दिली. कारगिल ह्यांनीं आदल्या वर्षीं टॉरवुड येथें माळावरील सभेपुढें राजास व त्याच्या सहा मोठ्या साहाय्यकर्त्यांस मंडळींतून बहिष्कृत केल्याचें जाहीर केलें होतें, आणि त्या सहांत सर जॉर्ज मॅकेंझीचें नांव होतें. लोकांनीं आतां त्यास रक्तपिपासु मॅकेंझी असें नांव दिलें, आणि तें आजवर त्यास चिकटून राहिलें आहे.

परंतु ह्या सर्वांत जो खटला मनास अधिक लागतो, तो १६८४ च्या डिसेंबरांतील रॉबर्ट बेली ह्यांचा. हे जर्व्हिसवुडचे जमीनदार, विद्वान व देवभीरु गृहस्थ. राजास ठार मारण्याच्या कटांत ते होते असा त्यांजवर आरोप आला. पुराव्यांत विल्यम कारस्टेअर्स ह्या पाळकांचा जबाब होता. तो त्यांचे आंगठे यंत्रांत चेंगरून घेतलेला होता, आणि न्यायसभेंत त्याचा उपयोग करणार नाहीं असें त्यांस वचन दिलेलें होतें. तो जबाब न्यायसभेंत वाचण्यांत आला. छळानें काढलेली कबुली कबुली नव्हे असें लिहिणाऱ्या हातानेंच तो कागद पुढें केला.

बेली त्या वेळीं इतके आजारी होते कीं, फांशीपूर्वींच मरतील या भयानें खटला घाईनें उरकला. अंगावर आजाऱ्याचा झगा असतां त्यांस न्यायसभेंत आणिलें. आपलें म्हणणें सांगतांना ते मॅकेंझीकडे वळले आणि त्यांनीं विचारिलें कीं, आपण तुरुंगांत मला भेटलां तेव्हां ह्या दुष्ट कटांत मी होतों असें आपणांस वाटत नाहीं असें आपणच मला बोललां नाहीं काय? सभा स्तब्ध झाली. मॅकेंझीनें तें नाकारलें नाहीं. तें आपलें खासगी मत होतें, येथें आपण कौन्सिलाच्या हुकुमावरून बोलत आहों, असें त्यानें उत्तर दिलें. ह्यावर बेली शांतपणें म्हणाले कीं, आपणांस एक सदसद्विवेक स्वतःसाठीं व दुसरा कौन्सिलासाठीं असेल, तर देव आपणांस क्षमा करो. माझ्याकडून क्षमा आहे. दुसऱ्या दिवशीं, २४ डिसेंबर रोजीं, त्यांस फांशी दिली.

वाचकहो, मॅकेंझीच्या सबंध चरित्राचें कुलूप ह्या एका प्रसंगानें उघडतें. तो राक्षस नव्हता. तो मूर्ख नव्हता, अडाणी नव्हता, रक्त पाहून आनंद मानणारा नव्हता. त्यास सत्य दिसत होतें. चेटकीण म्हणून धरलेल्या म्हातारीचें त्यास दिसलें, आणि बेली ह्यांचेंहि दिसलें. पण पहिल्या वेळीं त्यानें तें ग्रंथांत लिहिलें, आणि दुसऱ्या वेळीं घरीं ठेवून न्यायसभेंत आला. राज्य मोडलें तर देशांत पुन्हां यादवी माजेल, असें त्यास खरोखर भय वाटत असावें. लहानपणीं त्यानें यादवी पाहिली होती. भ्यालेल्या सज्जनाच्या हातून दुर्जनाइतकीच हानि होऊं शकते.

पुढील गोष्ट थोडक्यांत सांगतां येईल. १६८५ सालीं राजा सातवा जेम्स गादीवर आला. तो रोमन कॅथोलिक होता, व त्या पंथावरील बंधनें काढावीं असा त्याचा आग्रह होता. ह्या वेळीं मात्र मॅकेंझीनें मान डोलविली नाहीं, म्हणून १६८६ सालीं त्याचें पद गेलें. १६८८ सालीं तें पुन्हां मिळालें, पण त्याच वर्षीं राज्यक्रांति होऊन जेम्स पळाला. ज्या राजानें आपणांस काढलें होतें त्यास पदच्युत करण्याविरुद्धहि मॅकेंझीनें सभेंत मत दिलें. नंतर तो देश सोडून इंग्लंडांत ऑक्सफर्डास ग्रंथवाचनांत राहिला. आपल्या कारकीर्दीच्या समर्थनार्थ त्यानें पुस्तक लिहिलें. केवळ धर्मासाठीं कोणी मारला गेला नाहीं, राजद्रोहासाठीं मारला गेला, हें त्याचें म्हणणें. ८ मे १६९१ रोजीं लंडनजवळ वेस्टमिन्स्टर येथें तो मरण पावला. प्रेत एडिंबरोस आणून ग्रेफ्रायर्सच्या कबरस्थानांत, घुमटाच्या एका सुंदर गोल इमारतींत, ठेविलें.

एक चांगलें काम तो मागें ठेवून गेला, तेंहि सांगितलें पाहिजे. वकिलांसाठीं एक ग्रंथालय उभारण्यांत तो पुढारी होता. १६८९ सालीं तें उघडलें, आणि त्यांतूनच १९२५ सालीं स्कॉटलंडचें राष्ट्रीय ग्रंथालय झालें.

त्याच कबरस्थानाच्या दुसऱ्या टोंकास हुतात्म्यांचें स्मारक आहे. पहिलें १७०६ सालीं बसविलें, सध्यांचें १७७१ चें आहे. फांशी दिलेल्या करारवाल्यांपैकीं सुमारें शंभर जणांस चोरदरोडेखोरांच्या जागीं तेथें पुरलें. त्या शिळेवर छळाच्या काळाचा आरंभ आर्गाइलच्या शिरच्छेदापासून धरला आहे. म्हणजे ज्याच्या बचावास तरुण मॅकेंझी उभा राहिला, त्याच मनुष्यापासून. हेंडरसन ह्यांचीहि कबर त्याच आवारांत आहे. तिजवरील अक्षरें १६६२ सालीं सरकारी हुकुमानें खोडिलीं होतीं. राज्यक्रांतीनंतर तीं पुन्हां कोरण्यांत आलीं. छळणारा व छळलेले आज एकाच भिंतीच्या आंत निजले आहेत.

आतां भुताची गोष्ट. मॅकेंझीस कबरेंत विसांवा नाहीं, त्याची शवपेटी आंत हलते, असें शहरांतील आया मुलांस सांगूं लागल्या. कबरस्थानाला लागूनच हेरियट नांवाची मोठी शाळा आहे. पिढ्यान् पिढ्या मुलें संध्याकाळीं त्या घुमटाच्या दारापाशीं जात, कडींतून आंत ओरडून मॅकेंझीस बाहेर येण्याचें आव्हान देत, आणि उत्तराची वाट न पाहतां धूम ठोकीत. परंतु ह्याच दाराची दुसरीहि एक गोष्ट आहे. १७८३ सालीं जेम्स हे नांवाचा एक पोरसवदा तरुण चोरीच्या गुन्ह्यासाठीं फांशीची शिक्षा झालेला असतां तुरुंगांतून निसटला आणि ह्या घुमटांत लपला. तो हेरियट शाळेंतच वाढलेला होता. शाळेंतील मुलांनीं आपल्या ताटांतील घांस राखून सुमारें सहा आठवडे त्यास चोरून पोंहोंचविले, आणि पहारा ढिला पडल्यावर तो देशाबाहेर निघून गेला, अशी हकीगत आहे. भुताच्या भीतीमुळें तेथें रात्रीं कोणी फिरकत नसे, म्हणून तो वांचला. जो जिवंतपणीं फांशी मागत असे, त्याच्या कबरेनें एका फांशीच्या कैद्यास आसरा दिला.

तेथील खऱ्या भीतीचें कारण तर अगदीं निराळें होतें. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं एडिंबरोच्या वैद्यकशाळांस शरीरविच्छेदनासाठीं प्रेतें पाहिजे असत, आणि चोर रात्रीं ताज्या कबरा उकरून तीं विकीत. म्हणून लोकांनीं आपल्या मृतांवर लोखंडी पिंजरे बसविले. तसे पिंजरे ग्रेफ्रायर्सांत अजून पाहावयास मिळतात. १८३२ च्या कायद्यानें प्रेतें मिळण्याची रीतसर सोय झाली, व ती चोरी थांबली. तेथें मृतांपासून जिवंतांस उपद्रव झाला नाहीं. जिवंतांपासून मृतांस झाला.

अलीकडे ही भुताची कथा नव्यानें वाढली आहे. १९९८ च्या सुमारास एक निराश्रित मनुष्य रात्रीं मॅकेंझीच्या घुमटांत शिरला, फळी मोडून खालीं पडला व किंचाळत पळाला, असें सांगतात. तेव्हांपासून तेथें जाणाऱ्यांस ओरखडे उठतात, अंग गार पडतें, भोवळ येते, अशा वदंता उठल्या. करारवाल्यांच्या आवाराचा जो भाग उरला आहे त्यास नगरपालिकेनें कुलूप घातलें, आणि १९९९ पासून वाटाड्याबरोबर रात्रीं तेथें लोकांस नेतात. आधीं तासभर भयंकर गोष्टी ऐकवावयाच्या, मग काळोखांत थंड दगडी खोलींत दाटीनें उभें करावयाचें; अशा वेळीं एखाद्यास भोवळ आली तर त्यासाठीं भूत कशाला पाहिजे? २००३ सालीं तर दोन मुलांनीं त्या घुमटांत शिरून एका मृताची कवटी बाहेर काढिली. पुढील वर्षीं न्यायालयानें त्यांस दोषी ठरविलें. येथेंहि अपराध जिवंतांचाच.

लोकांनीं मॅकेंझीचें भूत कां केलें, हें आतां उघड आहे. इतक्या मनुष्यांचें रक्त सांडलें आणि त्याबद्दल ह्या जगांत कोणास जाब द्यावा लागला नाहीं, हें लोकांच्या मनास बोंचत होतें. म्हणून त्यांनीं एकास निवडून त्याची झोंप काढून घेतली. पण भुतानें एक मोठी अडचण होते. भूत म्हटलें म्हणजे तें आपल्यासारखें राहत नाहीं, आणि मग त्याच्या गोष्टींत आपला चेहरा दिसत नाहीं. कौन्सिलांतील बाकीचे सह्या करणारे मोकळे सुटतात, खोटी शपथ घेणारे सुटतात, आणि ऐकणारा आपण तर सुटतोंच. खरा मॅकेंझी मात्र आपल्यासारखा आहे, म्हणून त्याच्या भुतापेक्षां त्याचें चरित्र अधिक भिण्यासारखें आहे.

कारण तो प्रसंग आपल्या चावडींतहि येतो. गांवांत ताप पसरला आणि पाड्यावरील एखाद्या विधवेवर डाकीण म्हणून बोट गेलें, तर ती निरपराधी आहे हें आपणांस घरीं चुलीजवळ ठाऊक असतें. पंचांपुढें आपण काय बोलतों? मंडळीच्या पंचायतींत कोणा दुबळ्यावर खोटा ठपका येतो आणि बलिष्ठ लोक एका बाजूस बसलेले असतात, तेव्हां आपल्यापाशीं एक मन घरासाठीं व दुसरें मन सभेसाठीं असतें काय? जर्व्हिसवुडच्या आजारी गृहस्थानें विचारलेला प्रश्न तोच आहे.

तेव्हां उपदेशक बंधूंनो, आपल्या कबरस्थानाचें कुंपण नीट ठेवा, गवत काढा, नांवें पुसलीं असतील तर पुन्हां लिहा, आणि मुलांस दिवसा तेथें नेऊन तेथें कोण कोण निजले आहेत तें सांगा. ज्याची गोष्ट मुलांस ठाऊक असते, त्याची त्यांस भीति वाटत नाहीं. रात्रीं त्या वाटेनें जावें लागलें तर कंदील घेऊन खुशाल जा. वाटेंत साप असेल, खड्डा असेल, त्यासाठीं दिवा पाहिजे. मेलेले आपापल्या न्यायाधीशापाशीं गेले आहेत. आपणांस भ्यावयाचें तें दुसऱ्या दिवशीं सकाळीं, चावडींत, जेव्हां कोणी आपणांस विचारील कीं तुम्हांस खरें काय ठाऊक आहे.